कोंडाबाईनं मांडलेलं घर

मला कुणी फसवू शकत नाही, हा माझा जुना माज. तुळजापुरात चौतीस वर्षं गणित शिकवलं. कॉपी करणाऱ्या पोराची मान कुठं वळते, ते मला फळ्याकडं तोंड करून उभं राहिलं तरी कळायचं. पोरं माघारी मला 'चंद्रप्रभा मिरची' म्हणायची आणि खरं सांगते, ते ऐकून मला आतून बरंच वाटायचं.

निवृत्त झाले आणि पुण्याच्या एका संस्थेनं मला काम दिलं. ही संस्था खेड्यातल्या मुलामुलींना बारावीनंतर पुण्यात शिकायला आधार देते. तिचं वसतिगृह आहे. तिथं ज्याला जागा मिळाली त्याचं राहणं, जेवण, पुस्तकं, अगदी दिवाळीला घरी जायचं एसटीचं भाडंसुद्धा संस्था बघते, शिक्षण पुरं होईपर्यंत. माझा भाचा मुकुल तिथं राहूनच शिकला, त्या ओळखीनं मी त्यांची माणूस झाले. काम असं, की आपल्या जिल्ह्यातून ज्यांचे अर्ज आलेत त्यांच्या घरी जायचं, परिस्थिती डोळ्यांनी बघायची आणि अहवाल लिहून पाठवायचा. उत्पन्नाचा दाखला काय हो, सगळ्यांकडंच असतो. दारात चारचाकी उभी असलेलेसुद्धा कागदावर गरीब असतात. म्हणून संस्थेत माझ्या अहवालाला वजन होतं. बाईंनी लिहिलं म्हणजे संपलं.

हे मी कोंडाबाईबद्दल लिहितेय. तिचं नाव हे नाही, बाकीच्यांचीही मी बदललीत. येरमाळ्याच्या पुढं चार-पाच किलोमीटरवर एक वस्ती आहे, एवढं समजलं तरी पुरे.

कोंडाबाई मेंढरांच्या कळपात जन्मली. म्हणजे खरंच कळपात. आई मेंढरांमागं चालत होती आणि कुठल्याशा माळावर पोटात दुखायला लागलं. शाळेची पायरी कोंडाबाई कधी चढली नाही. सोळाव्या वर्षी महारुद्रशी लग्न झालं आणि एका कळपामागनं निघून ती दुसऱ्या कळपामागं चालायला लागली, फरक पडला तो तेवढाच. पुढं महारुद्रची स्वतःची मेंढरं रोगानं गेली. तेव्हापासून तो दुसऱ्यांचा कळप वळतो, सालावर. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं आणि पाऊस येईपर्यंत मुलूख तुडवायचा. त्यांच्यात बायका-लेकरंही मागोमाग जातात, तशी ही पण जायची.

पण लेक वर्षाराणी सहा वर्षांची झाली आणि कोंडाबाई अडून बसली. "तुमी जावा मेंढरं घिऊन. म्या पोरीला घिऊन हितंच ऱ्हाते. तिला साळंत घालणार हाय म्या." नवरा-बायकोनं आठ-आठ महिने वेगळं राहायचं, असं त्यांच्यात कुणी केलं नव्हतं. सासूनं तोंड सोडलं. भावकीतल्या बाया म्हणाल्या, कोंडी आता गावात बसून साहेबीण होणार बघा! कोंडाबाईनं कुणाला उलट उत्तर दिलं नाही. हायवेवर शांतलिंगचा ढाबा आहे, तिथं जाऊन भाकरी थापायला बसली. बारा वर्षं झाली, अजून थापतेय.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळायला पाहिजे होतं, आणि कळवून घ्यायचं काम माझंच होतं.

पोरगी लई हुशार निघाली. बारावीला सायन्समध्ये पंच्याऐंशी टक्के. प्रवेशपरीक्षेतही मार्क चांगले. औषधांचं शास्त्र शिकायचं तिच्या मनात होतं आणि पुण्यातल्या एका कॉलेजात तिचा नंबर लागला. मुलींची फी सरकारनं माफ केलीय, फार चांगलं केलंय. पण पोट कुणाला माफ होतं? पुण्यातली खोली आणि खानावळ भाकरी थापून निघत नाही. तिच्या सरांनी म्हणूनच आमच्या संस्थेचा अर्ज भरून घेतला. एवढे मार्क, मेंढपाळाची पोर, जागा मिळणारच असं सगळ्यांनी धरलं आणि पोरीनं पुण्याचं कॉलेज पक्कं करून टाकलं. पुढच्या फेऱ्यांत नाव ठेवलं नाही. ठेवलं असतं तर धाराशिवला नाहीतर लातूरला कुठंतरी मिळालं असतं. तर आता सगळं येऊन थांबलं होतं आमच्या वसतिगृहातल्या एका खाटेवर. ती खाट मिळाली तर पोर शिकणार, नाहीतर वर्ष गेलं. आणि त्यांच्यात मुलीचं वर्ष गेलं की पुढचं लग्नच.

मी जायच्या चार दिवस आधी फोन केला. कोंडाबाईच बोलली. मी म्हटलं, "मी पुण्याच्या लोकांकडून येतेय, तुमच्या मुलीसाठी. घर बघायचंय, मुलीला बघायचंय, तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्यात." पलीकडून नुसतं, "या की, या की, आमचं भाग्य!" मी फोन ठेवला.

श्रावणातला गुरुवार होता. बसमधून उतरले तर मला घ्यायला दोन बाया आल्या होत्या, नटून. घर पत्र्याचंच, दोन खोल्यांचं, पण अंगण सारवलेलं, दारात रांगोळी. दावणीला दोन म्हशी, एकदम तजेलदार. आत गेले आणि माझ्या भुवया वर गेल्या. लाल फ्रीज, भिंतीवर टीव्ही, कूलर. फुलाफुलांच्या कापडाचा सोफा, त्यावर मला बसवलं. फ्रीजची वायर वरच्या बाजूला गुंडाळून ठेवलेली होती, ते मी पाहिलं. मला सगळं दिसतं ना! पाहिलं आणि मनात म्हटलं, बघा, विजेचं बिल वाचवतायत.

कोंडाबाई काठापदराची साडी नेसून, गळ्यात बोरमाळ घालून बसली होती, पदर डोक्यावरून खाली पडू देत नव्हती. मी फॉर्म काढला.

"जनावरं किती?"

"त्या दोन म्हशी न्हाईत का दारात?"

"आणि मेंढरं?"

"दीडशे तरी असत्याल. मालक त्येंच्याच मागं माळावर गेलेत, सांजच्याला येत्याल."

दीडशे! मी लिहून घेतलं. कुणाची, ते विचारलं नाही. अर्जात 'सालगडी मेंढपाळ' लिहिलेलं माझ्या मांडीवर होतं. मी मनात म्हटलं, वा, कागदावर सालगडी आणि घरात दीडशे मेंढरं.

"खर्चाची काही अडचण? काही कमी पडतं?"

त्यावर तिनं दोन्ही हात जोडले. "येडाईच्या किरपेनं कशाला काय कमी न्हाय बाई. खाऊन-पिऊन सुकी हाव."

मग वर्षाराणी चहाचा ट्रे घेऊन आली. तिलाही साडी नेसवलेली. मान खाली. मी तिला रसायनशास्त्रातलं काहीतरी विचारलं, तिनं उत्तर बरोबर दिलं, पण ऐकू येईल न येईल असं. तिला अभ्यासाचं विचारलं की मधे आईच बोलायची. "सैपाक सगळा तिनंच केलाय. पुरणाच्या पोळ्या बी तिच्याच हातच्या. शिवणकाम येतंय. कुनाला उलटून बोलायची न्हाय." मी चिडलेच. म्हटलं, मी काय विचारतेय आणि ही बाई काय सांगतेय! जेवणाला नको म्हटलं तर पाया पडायला आली, म्हणून दोन घास खाल्ले. पोळी लुसलुशीत होती आणि मला तर त्याचाही राग आला. एवढं ओतू जातंय घरात आणि दुसऱ्या गरिबाच्या पोरीची खाट उचलायला निघालेत!

निघाले. रस्त्यावर येऊन उभी राहिले तर वर्षाराणी साडी सावरत पळत आली. धाप लागली होती. "बाई, एक सांगायचं होतं. आमच्या घरातलं ते..." तेवढ्यात बस आली. मी पायरीवर पाय ठेवून म्हटलं, "जे सांगायचं ते फॉर्मात लिहायचं असतं. तोंडी काही चालत नाही." बस हलली. ती तिथंच उभी होती.

घरी पोचायचीही वाट न बघता मी बसमध्येच अहवाल लिहिला. फ्रीज, टीव्ही, कूलर, सोफा, दोन म्हशी, दीडशे मेंढरं. आई स्वतःच सांगते की कशाला काही कमी नाही. उत्पन्नाचा दाखला विश्वासार्ह वाटत नाही. जागा खऱ्या गरजू मुलीला द्यावी. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या. त्या रेघा मारताना मला काय समाधान वाटलं होतं! जळो ते समाधान.

मार्गशीर्षात मी येडाईच्या दर्शनाला येरमाळ्याला गेले. परतताना बसला वेळ होता, म्हणून हायवेवरच्या एका ढाब्यात शिरले. पिठलं-भाकरी मागवली. मालक शांतलिंग बोलका माणूस. "भाकर कशी हाय बाई? आमच्या कोंडाबाईच्या हातची हाय. तिच्या भाकरीसाठी ट्रकवालं सोलापूर सोडून हितं थांबतेत."

नाव ऐकून मी मागं वळून पाहिलं. चुलीपुढं, पाठमोरी, विटलेल्या लुगड्यात एक बाई बसली होती. परातीतलं पीठ रेटत होती. जरा तोंड वळलं आणि माझा घास हातातच राहिला.

"ही? हिच्या घरी तर फ्रीज आहे, सोफा आहे. ही कशाला भाकरी थापते?" मी म्हटलं.

शांतलिंग खदाखदा हसला. "फ्रीज? आवो, तो आमचा फ्रीज! ह्यो काय, हितं हुबा हाय." कोपऱ्यात लाल फ्रीज होता, आत थंडाच्या बाटल्या. "टमटममधी घालून न्हेला व्हता एक दिस. पोरीला बगायला पुण्याचं पाव्हणं येणार व्हतं म्हणं. टीव्ही पोस्टमास्तरचा, सोफा ग्रामपंचायतीतल्या सिदूचा, म्हशी शेजारच्या वस्तीवरल्या. बोरमाळ आमच्या मंडळीची. लेकीचं काम म्हणल्यावर न्हाय कोण म्हणतंय? समद्या गावानं घर मांडून दिलं. अन् एवढं करून त्या लोकांनी नापसंत केली की वो पोर! कसली माणसं असत्याल, देव जाणे."

पोरीला बघायला. घर बघायचंय, मुलीला बघायचंय, चार गोष्टी बोलायच्यात. माझ्याच तोंडचे शब्द. अहो, आपल्याकडं असा फोन आला तर कुठलीही आई काय समजेल? संस्था शिकवणार आहे, खर्च करणार आहे, हे सरांनी तिला सांगितलं होतं. पण परकं माणूस लेकीला पारखायला घरी येतं, तेव्हा घर भरलेलं दाखवायचं असतं, गरिबी झाकायची असते, लेकीला साडी नेसवायची असते. ही एकच रीत तिला माहीत होती आणि तिनं ती जीव ओतून पाळली. घर जितकं भरलेलं दिसेल तितकी लेकीची जागा पक्की, असं तिला वाटलं. आणि मी? मला स्वतःला नऊ वेळा दाखवलंय हो! पाहुणे येणार म्हटलं की शेजारचा रेडिओ आमच्या कोनाड्यात यायचा, काकूच्या पाटल्या माझ्या हातात यायच्या. नऊ वेळा असं बसले होते मी मान खाली घालून. आणि त्या सोफ्यावर बसून मला एकदाही ते आठवू नये? अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथं बैल माझा नव्हता, रिकामी झाली दुसऱ्याची पोर.

एवढ्यात कोंडाबाईनं मला ओळखलं. "अगं बया! बाई, तुमी?" पिठाचे हात पदराला पुसत धावत आली. तोंडावर राग नाही, रुसवा नाही, काही नाही. "बसा, बसा. पोटभर जेवा. शांताप्पा, बाईंकडनं पैसं घ्याचं न्हाईत बरं का. वर्षे, ए वर्षे! बग कोण आलंय."

शेजारच्या औषधाच्या दुकानातून वर्षाराणी बाहेर आली. तिथं कामाला होती. मला पाहून जागीच थांबली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, हात धुवायला चला. मागं टाकी आहे, दाखवते."

ढाब्याच्या मागं पाण्याची टाकी होती. तिथं मी म्हटलं, "चुकलं गं माझं. मला कळलं नाही. फार मोठं चुकलं." आणि पर्समधून फोन काढला. "थांब, मी आत्ताच्या आत्ता पुण्याला बोलते."

"खाट दिली असेल की बाई कुणाला तरी."

तरी मी फोन लावला. ऑफिसातल्या मुलीनं नीट ऐकून घेतलं. जागा ऑक्टोबरातच भरली होती. आणि पुढच्या वर्षी तिला अर्ज करता येणार नव्हता; फक्त त्याच वर्षी बारावी झालेल्यांचे अर्ज घेतात, हा नियम मलाही ठाऊक होता. मी वर्षाराणीला म्हटलं, "संस्था जाऊ दे चुलीत. मला पेन्शन आहे, मागं-पुढं कुणी नाही. पुढच्या वर्षी तू परत परीक्षा दे, खर्च मी करते."

ती जमिनीकडं बघत होती. "माघात लग्न आहे माझं. सुपारी फुटली. मुलगा चांगला आहे, जेसीबी चालवतो. बाबांनी शब्द दिलाय."

"मी बोलते तुझ्या बाबांशी. मी तुझ्या आईला सगळं सांगते, काय झालं ते."

तशी तिनं माझा हात धरला. घट्ट धरला. "नका बाई. आईला काहीच माहीत नाही. मला मेल आला होता, घरची परिस्थिती चांगली आढळल्यामुळं जागा देता येत नाही म्हणून. उलट लिहिलं असतं तर चौकशी परत घरी आली असती, म्हणून नाही लिहिलं. मी आईला सांगितलंय, मी तोंडी परीक्षेत कमी पडले. त्या दिवशी मी तिला म्हटलं होतं, आई, हे असं नसतं. तर म्हणली, पाहुण्यापुढं कुणी गरिबी मांडतं का, तुला काय कळतंय. बारा वर्षं ती त्या चुलीपुढं बसलीय बाई, माझ्यासाठी. लोकांचं काय काय ऐकून घेतलं तिनं. आता तिच्याच हातानं मोडलं, हे तिला कळलं तर ती अन्नाला शिवायची नाही. माझ्यात कमी होतं, एवढंच राहू द्या."

अठरा वर्षांची पोर. मी चौसष्ट वर्षांची, आणि मला तिच्याकडं बघवेना. मी टाकीचा नळ सोडला आणि तोंड धुतलं.

परत येऊन बसले. कोंडाबाईनं गरम भाकरी ताटात टाकली, वर तेल-चटणी घातली आणि समोरच बसली. म्हणाली, "बाई, एक इचारू का? राग नगा मानू. पुण्याचा निरोप आला तवापासनं माझ्या डोक्यातनं जाईना. तुमी माझ्या पोरीला जवळनं बगितलं. तिच्यात काय कमी पडलं वो?"

वर्षाराणी चुलीजवळ उभी होती. माझ्याकडं बघत होती.

चौतीस वर्षं मी पोरांना सांगितलं, खोटं बोलू नका, खोट्याला पास करणार नाही. आणि त्या दिवशी त्या बाईच्या डोळ्यांत बघून मी म्हटलं, "हुशार आहे हो तुमची मुलगी. फक्त बोलायला कमी पडली. विचारलं तेव्हा तोंड उघडून बोलली नाही."

कोंडाबाईनं मान हलवली, तिला पटलं. मग लेकीकडं वळली आणि तिचा आवाज चढला. "ऐकलंस का? म्या म्हणलं व्हतं का न्हवतं, मान वर करून बोलत जा? समद्या गावानं तुझ्यासाठी घर मांडून दिलं. बाई एवढ्या लांबनं आल्या. अन् तू मुकी बसलीस! तुझ्या येका तोंडानं समदं घालवलंस बग!" आणि पदर डोळ्याला लावला.

"व्हय आई," वर्षाराणी म्हणाली. "चुकलं माझं."

आणि माझ्या ताटातलं पिठलं संपलं होतं, म्हणून ती आणखी आणायला आत गेली.